टेबलाखाली कोण वाकतं?

रोहणा सोडलं आणि गाडी थांबली.

खरी गाडी नव्हे. प्लायवूडच्या दोन फळ्या जोडून केलेल्या आठ फूट लांब, चार फूट रुंद टेबलावरची, आमच्या शाळेतल्या आठवी-नववीच्या मुलामुलींनी तीन महिने खपून उभी केलेली पुलगाव–आर्वी नॅरोगेज. समोर दोन परीक्षक उभे. पुलगावहून इंजिन डौलात निघालं, सोरट्याजवळ मंदावलं, विरूळला रांगायला लागलं आणि रोहण्याच्या पुढे, मुलींनी खराखुरा कापूस चिकटवून केलेल्या शेतात जे थांबलं ते थांबलंच. एकीने हळूच बोटाने ढकललं. दोन इंच गेलं, पुन्हा थांबलं. परीक्षकांपैकी एक जण म्हणाले, "मॅडम, तुमची गाडीपण शकुंतलेसारखीच बंद पडली म्हणायची." सगळे हसले. मीही हसले. माझ्यामागे उभी असलेली मुलं मात्र हसली नाहीत.

मी उर्दू आणि मराठी शिकवते. तारा, व्होल्ट, अँपिअर हा माझा प्रांत नाही, बी.एड.ला असताना फ्यूज बदलायलासुद्धा मी शेजारच्या काकांना बोलवायची. पण हे मॉडेल माझ्याच गळ्यात पडलं, कारण कल्पना माझी होती. आर्वीची मुलं आगगाडी पाहायला पुलगावला नाहीतर वर्ध्याला जातात, आणि आपल्या गावात कधीकाळी रेल्वे येत होती हे त्यांना सांगितलं तर "काहीही सांगता आपा" असं म्हणतात. त्यांना ते दाखवावं, एवढाच हेतू होता.

शकुंतला म्हटलं की लोकांना यवतमाळ–मूर्तिजापूर–अचलपूर आठवते. आमची पुलगाव–आर्वी ही तिची धाकटी बहीण. दोघींची मालकीण एकच, सेंट्रल प्रोव्हिन्सेस रेल्वे कंपनी, आणि तिचा कारभार पाहणारी किलिक निक्सन. आर्वीची लाइन १९१७ ची, लांबी ३५ किलोमीटर, रुळांमधलं अंतर अडीच फूट. आर्वी परिसरातला कापूस पुलगावला मोठ्या लाइनवर पोचवायचा आणि तिथून मुंबईला, असा तिचा जन्म. माझ्या अब्बांच्या पिढीने त्या गाडीतून प्रवास केलेला. ते सांगायचे की चढ आला की पोरं उतरून गाडीबरोबर चालायची. त्यात मीठमसाला किती, देव जाणे.

मॉडेलचं माप ठरवताना एक गंमत समजली. नागपूरच्या एका नातेवाइकाच्या मुलाचा आगगाडीचा जुना सेट आम्हाला मिळाला होता, बारा व्होल्टवर चालणारा. त्याच्या रुळांमधलं अंतर साडेसोळा मिलिमीटर. अडीच फूट म्हणजे ७६२ मिलिमीटर. भागाकार केला तर साधारण सेहेचाळीस येतो, आणि छंदवाल्यांच्या जगात अठ्ठेचाळीसास एक हे माप अगोदरपासून रूढ आहे. म्हणजे मोठ्या गाडीच्या छोट्या मॉडेलचे रूळ आपल्या छोट्या गाडीच्या थोड्या मोठ्या मॉडेलला बरोबर बसतात. त्या मापाने पस्तीस किलोमीटरचे सातशे तीस मीटर होतात, म्हणजे टेबल शाळेच्या फाटकातून बाहेर पडून पार बाजारात गेलं असतं. म्हणून मधली सगळी शेतं आम्ही गाळली आणि गावंच ठेवली.

वरचं काम सुंदर झालं होतं. हे मी माझ्या विद्यार्थ्यांच्या प्रेमापोटी म्हणत नाही. आगपेटीच्या काड्यांची स्टेशनं, थर्माकोलचं जिनिंग, कापसाच्या गाठी, पाटीवर तीन लिपींतलं "आर्वी". खाली मात्र काय होतं? खाली मी होते. टेलिफोनच्या जुन्या वायरी सोलून, दोन-दोन तारा बोटांनी पिळून, वर काळी टेप गुंडाळून मी तेवीस जोड केले होते. यूट्यूब पाहून केले. शाळेत गाडी धावली, तेव्हा मला स्वतःचा फार अभिमान वाटला होता.

त्या संध्याकाळी टेबल टेम्पोत घालून परत आणलं. दुसऱ्या दिवशी पालक आणि मोहल्ल्यातली मंडळी पाहायला येणार होती. मी माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याला फोन केला. तो वायरमन आहे. नाव लिहीत नाही, त्याला आवडणार नाही. मगरिबनंतर आला, खांद्याला पिशवी, पायात कामाचे बूट. टेबलासमोर उभा राहून त्याने स्टेशनं पाहिलीच नाहीत. सरळ पाठीवर झोपून खाली सरकला, तोंडात बॅटरी धरून. थोडा वेळ काहीच आवाज नाही. मग खालून म्हणाला, "आपा, ये जोड नहीं है. ये चोटी है."

बरोबरच होतं. आयुष्यभर मुलींच्या वेण्या घातल्या, तारांच्याही घातल्या.

मग त्याने मला जे दाखवलं ते जरा सविस्तर सांगते, कारण मला ते चाळिशी उलटल्यावर कळलं आणि तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या घरात अशा चोट्या टेपखाली दडलेल्या असणार.

त्याने मीटर काढलं. गाडी रुळावर नसताना आर्वी स्टेशनात मोजलं तर पूर्ण बारा व्होल्ट. मी म्हटलं, बघ, वीज येते आहे की. तो काही बोलला नाही. इंजिन ठेवलं, चालू केलं आणि पुन्हा मोजलं. सात. पाच व्होल्ट वाटेत गेले होते, माझ्या वेण्यांमध्ये. काम नसतं तेव्हा ढिला जोडसुद्धा पक्का दिसतो. ओढ पडली की उघडा पडतो. हे त्याने सांगितलं नाही, मीटरने सांगितलं. तारांची टोकं नुसती एकमेकींवर टेकलेली असतात, मधल्या फटीत हवा शिरते, तांब्यावर काळपट थर चढतो, आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात टेपचा गोंद पाघळून ती आपोआप सुटते. टेम्पोतल्या हादऱ्यांनी उरलंसुरलं काम केलं. बारा व्होल्टला फक्त गाडी थांबते. तोच जोड घरातल्या दोनशे तीस व्होल्टच्या लाइनीत असेल, पुढे कूलर किंवा पाण्याची मोटर असेल, तर तिथे तो तापतो. आग लागल्यावर आपण म्हणतो "शॉर्टसर्किट झालं", जणू ते आकाशातून पडलं.

मग लग. तांब्याची छोटी नळी, पुढे गोल कडी, नळीवर रंगीत प्लास्टिकची टोपी. लाल रंग बारीक तारेला, अर्ध्यापासून दीड एमएमपर्यंत. निळा दीड ते अडीच. पिवळा चार ते सहा. (एमएम म्हणजे इथे तारेची जाडी नव्हे, तिच्या कापलेल्या तोंडाचं क्षेत्रफळ, चौरस मिलिमीटरमध्ये. दुकानात कुणी तसं म्हणत नाही, मीही आता म्हणत नाही.) तार नळीच्या लांबीएवढीच सोलायची, एकही धागा न तोडता. दहा धाग्यांतले तीन तुटले तर तार दिसायला तीच, पण वाहायला सातच. ती नळीत घालायची आणि क्रिम्पिंगच्या पकडीने दाबायची. नळी आणि धागे इतके दाबले जातात की मधली पोकळी मिटते आणि हवेला शिरायला जागाच उरत नाही.

माझ्याकडे साधी पक्कड होती. म्हटलं, हिनेच दाबू. त्याने दाबू दिलं. नळी चपटी झाली, छान दिसली. मग म्हणाला, ओढा. ओढली. तार हातात आली. साधी पक्कड नळीला चपटं करते, कडेच्या फटी तशाच राहतात. त्याच्या पकडीच्या जबड्यात रंगाप्रमाणे खाचा होत्या आणि मुठीत दात, ज्याला ते रॅचेट म्हणतात. पूर्ण दाब पडल्याशिवाय ती तोंडच उघडत नाही. अर्धवट काम करून निघून जायची सोय नाही. अशी एखादी पक्कड आम्हा शिक्षकांच्या वह्या तपासण्यालाही बसवावी.

डाग, म्हणजे सोल्डर, का नको, हेही मी विचारलं. तो म्हणाला, डाग चांगलाच, रुळाला तार लावायला तोच लागतो. पण तारेच्या धाग्यांवर आधी डाग चढवून मग लगमध्ये दाबू नका. शिसं-कथिल मऊ, दाबाखाली हळूहळू सरकत राहतं आणि सहा महिन्यांनी जोड पुन्हा ढिला. मग तार न सोलताच वर चिमट्यासारखे बसवायचे ते जोड. त्यांच्या आतली पात प्लास्टिक कापून तांब्याला भिडते. परदेशातले मॉडेल रेल्वेवाले ते सर्रास वापरतात. झटपट होतं, पण जाडी मापाची नसली तर पात एक तर धागे कापते किंवा पोचतच नाही. "जल्दी का काम है, माप का भी है," तो म्हणाला. आमच्याकडे माप एकसारखं नव्हतं, म्हणून त्याने ते बाजूला ठेवले.

आणि मुख्य चूक तर माझ्या लक्षातच आली नव्हती. मी वीज फक्त पुलगावात दिली होती. पुढे रूळच वीज नेतील असं धरून. रुळाला रूळ जोडणाऱ्या पत्र्याच्या बारीक पट्ट्या आठ ठिकाणी होत्या, त्यातल्या निम्म्या सैल. त्याने टेबलाखाली दीड एमएमच्या दोन तारा या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणल्या, लाल आणि काळी, आणि दर तीन फुटांवर त्यांतून बारीक तार वर काढून रुळाला भिडवली. दोन फळ्या जिथे जुळतात तिथे स्क्रूची पट्टी, तारांना गोल कडीचे लग. उघड्या तोंडाचे का नाही? "हिलेगा तो निकलेगा." गोल कडी स्क्रू सैल झाला तरी निसटत नाही. टेबल वेगळं करायचं तर स्क्रू काढा, पुन्हा लावा. खऱ्या रेल्वेतही सिग्नलच्या लाइनीवर रुळांच्या सांध्यांना वरून तार जोडलेली असते, तीही त्याच कारणाने, असं तो म्हणाला. आता पुलगावला गेले की मी प्लॅटफॉर्मवरून वाकून सांधेच पाहत राहते, आणि लोक माझ्याकडे पाहतात.

रात्री साडेअकराला गाडी आर्वीत शिरली. मीटरवर साडेअकराच व्होल्ट. तो पिशवी आवरू लागला. मी पैसे विचारले, त्याने हात जोडले. मग मला जे आठवलं ते आठवायला नको होतं.

हा मुलगा नववीत माझ्या वर्गात होता. निबंध लिहायचा नाही, कविता पाठ करायचा नाही, बाकावर पेनचे तुकडे करून पुन्हा जोडत बसायचा. त्याचे अब्बा शाळेत आले तेव्हा मी म्हटलं होतं, "भाई, हा शिकण्यातला नाही. कुठेतरी हातकामाला लावा." सल्ला म्हणून वाईट नव्हता. पण मी तो सल्ला म्हणून दिला नव्हता, निकाल म्हणून दिला होता. ज्या सुरात कचऱ्याची टोपली दाखवतात त्या सुरात. त्याच्या अब्बांची मान खाली गेली ती मी पाहिली होती आणि मला काही वाटलं नव्हतं.

पुढे दोन वर्षं तो एका दुकानात राबला आणि मग आयटीआयला वायरमनच्या ट्रेडला गेला. तिथे काय झालं ते त्याने त्या रात्री चहा पिताना सांगितलं, तक्रार म्हणून नाही. पहिले सहा महिने पुस्तक समजलंच नाही. उर्दू शाळेत आपण 'मौसिल' आणि 'मुजाहमत' शिकलो. तिथल्या मराठी पुस्तकात 'वाहक' आणि 'रोध'. शिकवणारे सर म्हणत 'कंडक्टर' आणि 'रेझिस्टन्स'. आणि कंडक्टर म्हणजे त्याच्या डोक्यात एस.टी.तला. एकाच गोष्टीला तीन नावं, आणि ती गोष्ट एकच आहे हे सांगणारं कुणी नाही. मी मराठीची शिक्षिका. मी त्याच्याकडून 'मी पंतप्रधान झालो तर' लिहून घेतलं, पावसाळ्यातला एक दिवस लिहून घेतला. 'आकृतीत दाखवल्याप्रमाणे जोडणी करा' हे वाक्य कधी वाचून घेतलं नाही. ज्या मराठीवर त्याची रोजीरोटी अवलंबून होती ती मराठी मला शिकवण्यालायक वाटलीच नव्हती. उर्दूत मुजाहमत हा शब्द मी मोठ्या अभिमानाने शिकवते, पण कवितेतला, जुलमाविरुद्धचा. तारेतला नाही.

म्हणून हा लेख. मला दोन गोष्टींशी भांडायचं आहे.

पहिली, 'जुगाड'. हा शब्द आपल्याकडे कौतुकाने वापरतात, परदेशी पाहुण्यांनाही ऐकवतात. मला तो आवडेनासा झाला आहे. माझे तेवीस जोड जुगाडच होते. गरिबाला पर्याय नसतो तेव्हा तो जुगाड करतो, त्यात त्याची हुशारी असते हे मान्य. पण ज्याच्याकडे नऊशे-हजार रुपयांची पक्कड घेण्याची ऐपत आहे त्या संस्थेने जुगाड करून टाळ्या घ्याव्यात हे मला पटत नाही. ईद-ए-मिलादला आपल्या गल्ल्यांत रोषणाई होते, गणपतीत शेजारच्या गल्लीत होते, लग्नाच्या मांडवात बारा महिने होते. विजेच्या खांबाजवळ, पावसात, पोरांच्या हाताला येईल अशा उंचीवर वेण्याच वेण्या. त्या कुणी बांधल्या हे कुणी विचारत नाही. सजावटीची वर्गणी हजारांत जमते आणि जोडणीवर शंभर रुपये खर्च होत नाहीत.

आणि जिथे विचारलं जात नाही तिथे काय होतं, त्याची नोंद आहे. लंडनमध्ये क्लॅपहॅम जंक्शनजवळ १२ डिसेंबर १९८८ च्या सकाळी गाड्या एकमेकींवर आदळल्या, ३५ माणसं गेली, पाचशेच्या आसपास जखमी झाली. अँथनी हिडन यांच्या चौकशीत कारण निघालं ते एका तारेचं. सिग्नलची नवी जोडणी करताना जुनी तार एका टोकाने सोडवली, पण कापून बाजूला केली नाही, तिच्या टोकावर आवरणही चढवलं नाही. ती पुन्हा आपल्या जुन्या जागी टेकली, आणि सिग्नलला लाल व्हायचं होतं तो झाला नाही. काम करणाऱ्याला आधीच्या तेरा आठवड्यांत एकच सुट्टी मिळाली होती. आणि नंतर येऊन तारा मोजायच्या होत्या, त्या कुणी मोजल्या नव्हत्या. चौकशीने एका माणसावर खापर फोडून विषय संपवला नाही. कामाचे तास आणि तपासणीची पद्धत या दोन्हींवर बोट ठेवलं.

आपल्याकडचं २ जून २०२३ तुम्हाला आठवत असेल. ओडिशात बालासोरजवळ बहानगा बाजार स्टेशनात कोरोमंडल एक्स्प्रेस भलत्या रुळावर गेली, २९० हून जास्त माणसं मेली. पुढचे दोन दिवस आमच्या फोनवर काय फिरत होतं? रुळाशेजारच्या एका पांढऱ्या इमारतीचा फोटो, "ही पाहा मशीद" म्हणून. ती मशीद नव्हती, इस्कॉनचं मंदिर होतं. मग कुणा 'शरीफ' नावाच्या स्टेशनमास्तरची अफवा. ओडिशा पोलिसांना जाहीर सांगावं लागलं की अफवा पसरवू नका. त्या दोन दिवसांत स्टाफरूममध्ये चहा घेताना माझा आवाज किती खाली गेला होता ते मला आठवतं. रेल्वे सुरक्षा आयुक्तांच्या चौकशीत निघालं ते वेगळंच: सिग्नलच्या पेटीतल्या तारांच्या जोडणीत पूर्वी झालेले बदल आणि त्यातली चूक, जी वेळेवर कुणाच्या लक्षात आली नाही. लोक नाव शोधत होते. उत्तर तारांच्या पेटीत होतं.

दुसरी गोष्ट, आपले सत्कार. दरवर्षी जूनमध्ये आपल्या समाजात गुणवंतांचे सत्कार होतात. नव्वद टक्केवाले, नीटवाले, एखादा एमपीएससीवाला. व्हायलाच हवेत, त्या टाळ्यांमागे किती आयांचे दागिने गहाण असतात ते मला माहीत आहे. पण मी वीस वर्षं या कार्यक्रमांचं सूत्रसंचालन करते आहे आणि आयटीआय पास झालेल्या मुलाला मंचावर बोलावल्याचं मला एकदाही आठवत नाही. खुर्च्या, पंखे, माइकची वायर लावायला मात्र तोच मुलगा आलेला असतो. तो खाली, आपण वर.

इथे मला एक आक्षेप ऐकू येतो आणि तो खरा आहे. परवाच एका भाभींनी माझ्या तोंडावर विचारला: "तुमचा मुलगा फार्मसीला आणि आमच्याने लग दाबायचे?" मुसलमान म्हटलं की पंक्चर, हा टोमणा आपण रोज खातो. अशा वेळी एका शिक्षिकेने हातकामाची आरती ओवाळणं म्हणजे टोमणा मारणाऱ्याच्याच हातात हात देणं. मी यावर बराच विचार केला. माझ्याकडे गुळगुळीत उत्तर नाही. मुलीला डॉक्टर व्हायचं असेल आणि कुणी तिला "शिलाई शिक" म्हणालं तर मी त्याच्याशी भांडेन, भांडले आहे. गरिबाच्या पोराने हुनर शिकावं आणि सधनाच्या पोराने शिक्षण, ही वाटणी मला मान्य नाही. पण टोमण्याचा परिणाम असा झाला की आपणही तो मनातून मानायला लागलो. पंक्चर काढणाऱ्याची लाज टोमणा मारणाऱ्यापेक्षा आपल्यालाच जास्त वाटायला लागली. नववीच्या त्या बापासमोर मी काय वेगळं केलं होतं? सूर तोच होता, फक्त भाषा बी.एड.ची.

सूरह सबामध्ये दाऊद अलैहिस्सलाम यांना लोखंड मऊ करून दिल्याचा आणि चिलखतं बनवताना कड्या मापात जुळवण्याचा हुकूम आहे, हे आपण सगळ्यांनी लहानपणी वाचलेलं असतं. त्या दोन आयती मी मुलांना अनेकदा समजावून सांगितल्या. बादशाही, सुंदर आवाज, पहाडांची साथ यावर तास घेतला. मापाच्या कड्यांवर मी थांबले नव्हते.

पुण्यात कोथरूडला जोशींचं मिनिएचर रेल्वेचं संग्रहालय आहे, भाऊसाहेब जोशींच्या छंदातून उभं राहिलेलं, १९९८ पासून लोकांसाठी खुलं. २०१९ मध्ये मी शाळेची सहल घेऊन गेले होते. दिवे, सिग्नल, घाटातून उतरणाऱ्या गाड्या. मुलं तोंडात बोटं घालून पाहत होती. टेबलाखाली वाकून पाहू द्या, असं विचारायचं मला तेव्हा सुचलंच नाही. आता पुन्हा जायचं आहे, त्याच कामासाठी. अमेरिकेत एमआयटीमध्ये १९४६ साली सुरू झालेल्या मॉडेल रेल्वेच्या क्लबात दोन तट होते म्हणतात: एक वरची गावं आणि डबे रंगवणारे, दुसरे टेबलाखाली टेलिफोन एक्स्चेंजच्या जुन्या रिलेंमध्ये डोकं घालून बसणारे. आज जगभर चालणारा 'हॅकर' हा शब्द या खालच्या मंडळींच्या बोलण्यातून संगणकाकडे गेला. आपल्या शाळांत खालची मंडळी आहेत. आपण त्यांना शेवटच्या बाकावर बसवतो.

मला काय हवं आहे? फार नाही. प्रदर्शनातल्या परीक्षकांनी एकदा तरी वाकून खाली पाहावं आणि त्याला गुण द्यावेत. शंभरात वीस चालतील. आठवी-नववीच्या भाषेच्या तासाला, मराठीच्या आणि उर्दूच्याही, पावसाळ्यातल्या दिवसाबरोबर एखादं जोडणीचं सूचनापत्रक वाचून घ्यावं. मी या वर्षीपासून घेते आहे. तीन रकाने, मौसिल–वाहक–कंडक्टर. आणि जूनच्या सत्काराला मी कमिटीला एक नाव दिलं होतं. कमिटीतले एक बुजुर्ग म्हणाले, "उसने किया क्या है?" मी म्हटलं, तुमच्या मशिदीच्या मोटरची वायरिंग बघा एकदा. ते हसले. नाव यादीत गेलं नाही. पुढच्या वर्षी पुन्हा देणार आहे.

दुसऱ्या दिवशी पालक आले तेव्हा गाडी पुलगाव ते आर्वी चौदा फेऱ्या न थांबता धावली. एका आजोबांनी विरूळच्या स्टेशनासमोर वाकून बघितलं आणि "इथे पाण्याची टाकी होती, ती कुठाय?" असं विचारलं. मुलींनी तिथल्या तिथे वहीत लिहून घेतलं.

टेबल आता प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात आहे. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी दोन मुली आणि एक मुलगा खाली सरकतात, एकेक लग धरून ओढतात आणि वहीत खूण करतात. पकडीसाठी आम्ही वर्गणी काढली, लाल मुठीची आहे, रॅचेटवाली. गेल्या शनिवारी सतरा नंबरचा लग हातात आला. तो मी दाबला होता.